नेमकं कुणाला काढायचं, तेवढं सांगा

आमच्या मंडळाच्या हापिसात एखादं काम करायला घेतलं की एक किस्सा होतो, आणि तेच काम कमिटीला विचारून करायला घेतलं की चार होतात. म्हणून माझ्याकडं एवढे साठलेत. मित्र म्हणतात, दत्त्या, तू बनवून सांगतोस. बनवायला डोकं लागतं, आणि डोकं असतं तर मी कलबुर्गीचं इंजिनिअरिंग कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं नसतं, असं आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं मत आहे. तेव्हा हे किस्से खरेच असणार!

हापीस म्हणजे बिदरात, नौबादला, बी-बियाण्याच्या दुकानावरची एक खोली. समाजाचं वधू-वर सूचक मंडळ. दरवर्षी मेळावा भरतो, त्याच्या आधी एक पुस्तक छापलं जातं, आणि त्यात लग्नाच्या पोरापोरींची फोटोसकट माहिती असते. अध्यक्ष म्हणजे दुकानाचे मालक नागनाथअण्णा. सेक्रेटरी एक रिटायर हेडमास्तर, त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात. नोंदणी करायला सुनंदाअक्का, मैलूरची. आणि कॉम्प्युटर म्हणजे मी.

जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं तेव्हा जाता जाता त्यानं सगळी माहिती एका भल्यामोठ्या एक्सएमएल फाइलीत ओकून टाकली. त्यात लग्न झालेले होते, मेलेले होते, दोनदोनदा नोंदवलेले होते. मला कामाला ठेवलं ते एवढ्यासाठी, की एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहायची आणि नको असलेल्या नोंदी काढून टाकायच्या. काढणं सोपं आहे. ‘नको असलेल्या’ म्हणजे कुठल्या, इथं सगळी भानगड!

त्याआधी अक्काचं सांगतो. तिचा नवरा हुमनाबाद रोडवर अपघातात गेला, त्याला काही वर्षं झाली. तिनं स्वतःच्या हातानं स्वतःची नोंद फाइलीत टाकली होती, ‘विधवा’ असं स्पष्ट लिहून. मला परत लग्न करायचंय, असं ती चार माणसांत सांगायची. मागच्या वर्षी तिचं पान पुस्तकात आलंच नाही. सरांनी छापायच्या आधी परस्पर काढलं होतं, आणि तिला ते कळलं मेळाव्याच्या दिवशी, टेबलावर बसून लोकांना पुस्तकं वाटताना. मी कामाला लागलो त्या आठवड्यात ती मला एवढंच म्हणाली, “दत्ता, औंदा माझं पान पुस्तकात पाहिजे.”

मी म्हणलं, राहील.

* * *

पहिल्याच दिवशी सरांनी ती फाइल डबलक्लिक केली. कॉम्प्युटर बसला. सरांनी अजून दोनदा क्लिक केलं, शाळेत झोपलेल्या पोराला उठवावं तसं. तो उठला नाही.

मी समजावलं, की सर, ही फाइल अशी उघडायची नसते. प्रत्येक माणसाची माहिती दोन टॅगच्या मधे असते, सुरू झाला आणि संपला अशा दोन खुणा. स्क्रिप्ट ती तुकड्या-तुकड्यानं वाचते, अख्खी एकदम गिळत नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, एक प्रिंट काढ, मी लाल पेनानं नको ते खोडून देतो.

मी नको म्हणत होतो. पण अण्णा म्हणाले, सर मोठे आहेत, काढ. काढली. आता त्या फाइलीत फोटोसुद्धा अक्षरांच्या रूपात भरलेले असतात, नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, पानंच्या पानं. पहिल्या पोराचं नाव-गाव अर्ध्या पानात संपलं आणि पुढं त्याचा चेहरा सुरू झाला. प्रिंटरमधले कागद संपले तेव्हा अजून त्याच पोराचा चेहरा चालू होता.

सर तो गठ्ठा घरी घेऊन गेले. मला वाटलं, आता तरी शहाणे होतील. दुसऱ्या दिवशी गठ्ठा परत आला. प्रत्येक पानाच्या खाली लाल पेनानं लिहिलं होतं: ‘तपासले’, आणि सही!

* * *

स्क्रिप्ट चालते का बघायला कुणाची तरी नोंद काढून बघायला पाहिजे होती. मी फाइलीत माझंच नाव शोधलं, आणि सापडलं! निंबर्ग्याहून आमच्या बापानं टाकलं होतं. शिक्षण: ‘बी.ई., शेवटचे वर्ष’. स्वभाव: ‘शांत’.

पहिली नोंद काढली ती माझी.

कुणीतरी गावाकडं कळवलं असणार. बापाचा फोन आला. कामून काढलास म्हणून विचारलं. मी म्हणलं, खोटी होती. मग म्हणाले, “आरं, मग सगळीच फाइल काढ की!”

आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं.

* * *

पुढं लग्न झालेले काढायला घेतले. आमच्याकडं दोन भावांची नोंदणी एकाच खेपेत उरकतात, आणि जमलं तर दोन सख्ख्या बहिणी बघून दोन्ही लग्नं एकाच मांडवात लावतात. जेवणावळ एक, वाजंत्री एक. म्हणून फाइलीत भाऊ भावाला चिकटून उभा, आणि लग्नं दोघांचीही झालेली.

माझी पहिली स्क्रिप्ट रांगेतून चालता चालताच माणसं काढत होती. आता रांगेतला एक काढला की मागचे सगळे एक पाऊल पुढं सरकतात. स्क्रिप्ट मात्र तोवर पुढच्या जागेवर गेलेली असते. त्यामुळं काढलेल्याच्या लगोलग मागं जो उभा, तो तपासलाच जात नाही. थोरला निघाला, धाकटा राहिला. असं प्रत्येक घरात! अशी उरलेल्यांची यादी सरांनी मला न विचारता व्हाट्सॅपच्या ग्रुपवर टाकून दिली.

औरादकडच्या एका माणसाचा फोन आला. त्यांच्या दोन पोरी एकाच घरात दिलेल्या. थोरल्या जावयाचं नाव यादीतून गेलं, धाकट्याचं कसं राहिलं? त्यानं परत घातलं का? धाकटी पोरगी पिशवी भरून माहेरी येऊन बसली होती. मी त्यांना रांग, पाऊल, जागा, सगळं सांगितलं. ते म्हणाले, हे मला नको सांगू, हिला सांग, आणि फोन पोरीकडं दिला.

रडणाऱ्या बाईला मी फोनवर प्रोग्रॅमिंग शिकवलं. ती नाक ओढत ऐकत होती. मग तिनं विचारलं, “म्हंजे, थोरल्याच्या मागं उभारल्यामुळं ते राहिले?”

“व्हय.”

“मग बरोबर हाय. ते कायम थोरल्याच्याच मागं उभारत्यात.”

त्याच संध्याकाळी ती नवऱ्याकडं गेली. मी स्क्रिप्ट बदलली. आता आधी कुणाकुणाला काढायचं ते वेगळं गोळा करतो, मग काढतो.

* * *

एक पोरगी फाइलीत तीनदा होती. एकदा बापानं टाकलेली, एकदा मामानं, एकदा चुलत्यानं. बापाच्या नोंदीत ती गव्हाळ, मामाच्या नोंदीत गोरी, चुलत्याच्या नोंदीत तिला रंगच नव्हता, पण स्वयंपाक येत होता. उंची तर प्रत्येकानं आपापल्या अंदाजानं लिहिलेली. एक ठेवायची आणि दोन काढायच्या, पण खरी कुठली?

सर म्हणाले, बापाची ठेव. अक्का म्हणाली, तिलाच विचारू की. मोबाइल नंबर तिन्हीकडं एकच होता, लावला. पोरगी हैदराबादला नोकरीला. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, तिन्ही काढा, मला इतक्यात करायचंच न्हाई. तिन्ही काढल्या.

तिसऱ्या दिवशी बाप हापिसात हजर. घाम पुसत उभाच राहिला, बस म्हणलं तरी बसेना. समाजात आमची काय इज्जत ठेवली, पोरं आजकाल कसली, तू कोण शिकलेला लागून गेलास, असं सगळं झालं. मग मुद्द्यावर आला.

“पोरीला फोन कामून केलात?”

अक्का म्हणाली, “नंबर तुम्हीच दिला होता न्हवं, काका?”

“तो नुसता लिहायसाठी होता!”

* * *

मग मेलेल्यांची पाळी आली. सरांनी खूण सांगितली. मेलेल्या माणसाच्या नावापुढं ‘कै.’ असतं, ज्या नोंदीत ‘कै.’ दिसेल ती काढ. मी एकदम काढत नाही. आधी यादी काढून दाखवतो. यादी लांबलचक निघाली. सर म्हणाले, बघ, किती कचरा साठला होता.

अक्कानं यादी वाचायला घेतली. दुसऱ्याच नावाला थांबली. ही तिची मावसबहीण, काल भाजीबाजारात भेटली होती. पुढचं नाव तिच्या गल्लीतल्या पोराचं, तो खाली दुकानात बियाणं घ्यायला आलेला तिनं सकाळीच बघितला होता. मग कळलं. मेलेले हे नव्हते, ह्यांचे बाप मेलेले होते. ‘कै.’ बापाच्या नावापुढं होतं. आणि यादीत खाली अक्काचं स्वतःचं नाव होतं, कारण तिच्या नवऱ्यापुढं ‘कै.’ होतं.

मी सरांना म्हणलं, ही अख्खी यादी चुकीची आहे. सर यादी हातात धरून बसले. सोडवेना. मग म्हणाले, चुकीची म्हणजे अगदीच चुकीची न्हाई. बाप नसलेल्यांचं जमवायला तसंही अवघडच जातं.

खोलीत अक्का होती. मी होतो. माझाही काका अकाली गेलेला, त्याची दोन्ही पोरं त्या यादीत होती. मी म्हणलं, “सर, मास्तर होता तेव्हा बाप मेलेल्या पोरांची नावं पटावरून काढत होता काय?”

सर अण्णांकडं तक्रार घेऊन गेले. अण्णांनी मला बोलावून, वडीलधाऱ्यांशी असं बोलायचं नसतं, ह्यावर पुष्कळ ऐकवलं. मी विचारलं, पण यादीचं काय? अण्णा म्हणाले, ते तू बघ रे, त्यातलं मला काय कळतंय. यादी फाडली.

* * *

काढलेले लोक परत येत होते. हा वेगळाच प्रकार. संध्याकाळी मी लग्न झालेले काढून जायचो, सकाळी ते परत फाइलीत बसलेले असायचे, पोराबाळांसकट! शोध लावला तेव्हा कळलं, सरांकडं जुन्या फाइलीचा पेनड्राइव्ह होता. जानव्यासारखा गळ्यात घालून फिरायचे. मी गेलो की जुनी फाइल परत चढवायचे.

विचारलं तर अण्णांनीच सांगितलेलं. नोंदी कमी झाल्या तर समाजाची संख्या कमी दिसते. मेळाव्याला आमदार येणार, त्यांना काय दाखवायचं? अण्णांचा थोरला मुलगा, दोन पोरांचा बाप, तो अजून ‘होतकरू, निर्व्यसनी’ म्हणून फाइलीत होता. संख्येला हातभार!

मी भांडलो नाही. स्क्रिप्ट कॉम्प्युटर सुरू झाला की काही न विचारता आपोआप चालेल अशी करून ठेवली. सर संध्याकाळी पेनड्राइव्हवरून चढवायचे, सकाळी मी बटन दाबलं की सगळे बाहेर. मी चहा पीत बसायचो. काही दिवसांनी सर डोळे लाल करून आले आणि म्हणाले, किती दिवस करायलास हे?

मी म्हणलं, “मी कुठं करायलोय सर? मी तर चहा प्यायलोय.”

पेनड्राइव्ह दुपारीच माझ्या टेबलावर आणून ठेवला.

* * *

आता शेवटचा. औंदाचं पुस्तक तुमच्यातल्या पुष्कळांनी बघितलंय. पूर्ण छापलं, कुणाचंही पान न गाळता, अक्काचंसुद्धा. सगळे विचारतात, दत्त्या, कमिटीला कसं पटवलंस? मी नाही पटवलं. काय झालं ते सांगतो.

छपाईला द्यायच्या दिवशी कमिटीनं मीटिंग बोलावली. दुकानावरच्याच खोलीत, गाद्या टाकून. मे महिना, वरती पत्रा. एकच उभा पंखा, तो कमिटीकडं तोंड करून. कलबुर्गीच्या प्रेसचा माणूस खाली दुकानात फाइल न्यायला येऊन बसलेला. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन दाराशी, अक्का भिंतीला टेकून.

सरांनी सुरुवात केली. पुस्तक शुभकार्याचं आहे. त्यात काही नोंदी अशा आहेत, की उघडल्या उघडल्या दिसल्या तर लोकांना बरं वाटत नाही. त्या काढाव्यात. सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीही अक्काकडं बघितलं नाही, त्यावरून कुणाबद्दल चाललंय ते कळत होतं.

मी विचारलं, कुठल्या नोंदी?

“तसल्या,” सर म्हणाले. “समजून घे.”

मी म्हणलं, सर, मी समजून घेईन, स्क्रिप्ट समजून घेत नाही. तिला नियम लिहून द्यावा लागतो. तुम्ही सांगा, मी टाइप करतो.

हे त्यांना अवघड गेलं. ह्या माणसांनी जन्मभर सगळे नियम नुसत्या खाकरण्यावर चालवले. कुणी काय करायचं नाही, हे कधी कुणाला तोंडानं सांगायची पाळी आली नाही. एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी एकजण म्हणाला, दुसरेपणाच्या. ज्यांचं एकदा होऊन गेलंय, त्या.

मी तसा नियम लिहिला, यादी काढली, लॅपटॉप फिरवून दाखवला. सगळ्यात वर फोटो आला तो सरांचा! सरांच्या बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि सरांनी गुपचूप स्वतःला नोंदवलं होतं. वय बावन्न. रिटायर होऊन पेन्शन खाणारा माणूस, वय बावन्न.

कुणी हसलं नाही. अण्णा खाकरले. मग म्हणाले, पुरुषांचं वेगळं असतं.

“मग लिहू का,” मी म्हणलं, “फक्त बायका?”

कुणी व्हय म्हणेना, न्हाई म्हणेना. प्रेसच्या माणसानं खालून हाक मारली. अण्णा म्हणाले, जरा थांबा म्हणावं.

तेव्हा अक्का भिंतीपासून उठली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

“मी सांगते, लिही.”

मी म्हणलं, अक्का, राहू दे.

“लिही म्हणलं न्हवं. बाई. नवरा मेलेला. राहणार मैलूर. नोकरी ह्याच हापिसात.”

मी लिहिलं. एक नोंद निघाली. अक्काचा फोटो आला. निळं पोलकं, केस नीट विंचरलेले, कॅमेऱ्याकडं सरळ बघणारी. खाली स्क्रिप्टचा नेहमीचा प्रश्न: ‘ही नोंद कायमची काढायची का? हो असेल तर वाय दाबा, नसेल तर एन.’

अक्कानं लॅपटॉप माझ्या मांडीवरून उचलला आणि अण्णांच्या पुढ्यात गादीवर ठेवला.

“अण्णा, तुम्ही दाबा.”

अण्णांनी चष्मा घातला. सगळं वाचलं. चष्मा काढून धोतरानं पुसला, परत घातला. सर छताकडं बघायला लागले. अण्णांचं बोट एकदा बटनांच्या वर येऊन गेलं आणि परत गुडघ्यावर गेलं. मग त्यांना कोपऱ्यात काहीतरी दिसलं.

“हे लाल काय चमकायलंय रे?”

“बॅटरी, अण्णा. संपत आलीय.”

अण्णांच्या तोंडावर एकदम बरं वाटल्यासारखं आलं. लोडाला टेकले. म्हणाले, “मग संपू दे.”

सगळ्या कमिटीनं श्वास सोडला. सरांनी चहा सांगितला. कुणीतरी पावसाचं विचारलं, औंदा लवकर येईल म्हणत्यात. सदऱ्यांची बटनं सुटली.

अक्कानं माझ्या पिशवीतून चार्जर काढला. भिंतीला प्लगची जागा एकच होती. तिनं पंख्याची वायर ओढून काढली, तिथं चार्जर खोचला, दुसरं टोक लॅपटॉपला लावलं आणि अण्णांच्या समोर मांडी घालून बसली. पंखा हळूहळू थांबला.

“घाई न्हाई, अण्णा,” ती म्हणाली. “सावकाश वाचा.”